फॉरवर्ड मोजायचा कसा? शंभर पानी वही घेऊन मैदानावर बसणाऱ्यांसाठी

नांदेडला खालसा हायस्कूलच्या मैदानावर श्री गुरु गोबिंदसिंघजी गोल्ड अँड सिल्व्हर कपचे सामने लागले की आमच्यासारख्यांची दिवाळी असते. बाहेरच्या राज्यांतले संघ येतात, आणि मराठवाड्यात बसून चांगली हॉकी डोळ्यासमोर बघायला मिळते. अशाच एका सामन्याला मी वही उघडून बसलो होतो. मागे बसलेल्या कॉलेजच्या पोरानं खांद्यावरून डोकावून विचारलं, "काय लिहायलेत सर? गोल तर झालाच नाही की अजून."

त्याचं काही चुकलं नव्हतं. आपल्याकडे फॉरवर्डची किंमत एकाच रकान्यात लिहितात: गोल किती मारले. मी पाहिलेल्या एका निवड चाचणीत (गाव आणि वर्ष सांगत नाही) तीन सामन्यांत एकच गोल केला म्हणून एका मुलाला घरी पाठवलं. माझ्या वहीत त्याच तीन सामन्यांत त्यानं सात पेनल्टी कॉर्नर (बचावाच्या चुकीबद्दल मिळणारी, ठरलेल्या मांडणीतून गोल मारायची संधी) मिळवून दिल्याची नोंद होती. संघाचे निम्मे गोल त्या कॉर्नरांवर आले होते. ते ज्यानं मारले त्याची निवड झाली. कॉर्नर आणले कुणी, हे विचारायला रकानाच नव्हता.

मोठ्या पातळीवर बघा. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये भारतानं आठ सामन्यांत १५ गोल केले आणि कांस्यपदक आणलं. त्यातले १० एकट्या हरमनप्रीत सिंगचे, म्हणजे एका बचावपटूचे, पेनल्टी कॉर्नरवर आणि पेनल्टी स्ट्रोकवर मारलेले. फॉरवर्डांच्या नावावर अभिषेकचे दोन, मनदीप सिंगचा एक, सुखजीत सिंगचा एक. झाले चार. उरलेला एक विवेक सागर प्रसादचा, तो मधल्या फळीतला. मग आठ सामने आपले फॉरवर्ड नुसतेच पळत होते का? कॉर्नर काय झाडाला लागतात?

ते कॉर्नर येतात कुठून, हे मोजायला शिकायचं असेल तर पुढचं वाचा. गणित पाचवी-सहावीचं आहे. बैठक मात्र पक्की लागते.

आधी सामान, आणि एक बंधन

शंभर पानी वही, दोन पेन्सिली, मोबाइलचं स्टॉपवॉच आणि जमलं तर एक सोबती. पेन नको, कारण खोडावं लागणारच. सोबती असेल तर एकानं फक्त बघायचं आणि बोलायचं, दुसऱ्यानं फक्त लिहायचं. दोन्ही कामं एकटा करायला गेलात तर खाली बघून लिहिताना नेमका पुढचा पास निसटतो.

व्हिडिओ काढता आला तर सोन्याहून पिवळं. अर्ध्या रेषेच्या आसपास, मिळेल तितक्या उंच जागेवरून, पूर्ण मैदान दिसेल असा. चेंडूच्या मागे मोबाइल फिरवू नका. चेंडूपासून लांब असलेला फॉरवर्ड काय करतोय, हेच आपल्याला पुढे लागणार आहे.

बंधन असं की पहिले पाच सामने एका वेळी एकच खेळाडू धरायचा. दोन्ही संघांचे सगळे फॉरवर्ड मोजायला निघालेला माणूस दुसऱ्या क्वार्टरमध्ये वही मिटून चहा प्यायला जातो. स्वानुभव आहे.

खुणा मराठीतच ठेवा, पटकन लिहून होतात. मी अशा लिहितो: "आ" म्हणजे डीच्या (गोलसमोरच्या अर्धगोलाच्या) आत शिरला, "श" म्हणजे शॉट, "कॉ" म्हणजे कॉर्नर मिळवला, "ग" म्हणजे चेंडू गेला, "हि" म्हणजे समोरच्याकडून हिसकावला. प्रत्येक खुणेआधी वेळ टाका. वेळ नसलेली नोंद नंतर कशाशीच जुळत नाही.

मिनिटं मोजल्याशिवाय बाकी काही मोजू नका

हॉकीत बदली खेळाडू कितीही वेळा आत-बाहेर करता येतात. चार क्वार्टर, प्रत्येकी १५ मिनिटं, म्हणजे सामना ६० मिनिटांचा. पण फॉरवर्ड सगळ्यात जास्त पळतो, म्हणून सगळ्यात जास्त वेळा बाहेरही तोच येतो. कुणी चाळीस मिनिटं खेळतो, कुणी वीस. शालेय सामन्यांत वेळ कमी असेल तर तीही नोंदवा.

समजा, एक मुलगा ३८ मिनिटं खेळला आणि ९ वेळा डीमध्ये शिरला. दुसरा २२ मिनिटंच खेळला आणि ७ वेळा शिरला. घरी जाताना सगळे पहिल्याचं नाव घेतील. आता आकड्याला मिनिटांनी भागा आणि १५ नं गुणा, म्हणजे एका क्वार्टरमागे किती ते निघेल. पहिल्याचे ३.५५, दुसऱ्याचे ४.७७. चित्र उलटलं. पुढे दिलेला प्रत्येक आकडा असाच "क्वार्टरमागे" काढायचा.

थोडी सावधगिरी ठेवा. शेवटच्या दहा मिनिटांत, समोरचे थकलेले असताना उतरलेल्या ताज्या दमाच्या मुलाचा आकडा फुगतो. म्हणून किती मिनिटांसोबत कोणती मिनिटं, हेही कोपऱ्यात लिहून ठेवावं.

डीमध्ये शिरणं: इथे वेळ घालवा

सगळा हिशोब हॉकीच्या एका नियमावर उभा आहे. चेंडू डीच्या आत आक्रमण करणाऱ्या संघाच्या खेळाडूनं खेळला, तरच गोल होतो. डी म्हणजे गोलपासून १४.६३ मीटरवर, जुन्या मापात १६ यार्डांवर काढलेली ती वाकडी रेघ. फुटबॉलमध्ये लांबून मारलेला गोळा जाळ्यात जाऊ शकतो, इथे नाही. त्यामुळे डीमध्ये शिरणं हा प्रत्येक गोलाचा उंबरठा आहे. फॉरवर्ड तो किती वेळा ओलांडतो आणि ओलांडल्यावर काय करतो, हे कळलं तर निम्मा फॉरवर्ड कळला.

टीव्हीवरही मोठ्या सामन्यांत "सर्कल पेनिट्रेशन" म्हणून हा आकडा दाखवतात, पण तो असतो पूर्ण संघाचा. आपल्याला एका खेळाडूचा हवा आहे, आणि त्यातही जात ओळखायची आहे. मी तीन जाती मानतो.

पहिली, नेलेला चेंडू. फॉरवर्डनं स्वतः स्टिकला चेंडू लावून, एखाद्याला चकवून, रेघ ओलांडली. याचं पूर्ण श्रेय त्याचं.

दुसरी, घेतलेला चेंडू. तो मोकळ्या जागेत धावत गेला आणि डीच्या आत पास ट्रॅप केला (स्टिकनं थांबवला). श्रेय निम्मं त्याचं, निम्मं पास देणाऱ्याचं. इथे लोक फॉरवर्डला कमी लेखतात, "त्याला आयता मिळाला" म्हणतात. आयता काही मिळत नाही. बचावपटूच्या पाठीमागून सुटून नेमक्या क्षणी नेमक्या जागी स्टिक जमिनीला टेकवून उभं राहणं हीच त्या जागेची कला आहे. ऑफसाइडचा नियम १९९० च्या दशकातच गेला, त्यामुळे गोलजवळ उभं राहायला बंदी नाही. पण उभ्या माणसाला बचावपटू आरामात पकडतो. बघायचं असतं ते सुटणं.

तिसरी, फेकलेला चेंडू. २३ मीटरच्या रेषेच्या आसपासून जोरात आत मारला, लागला कुणाच्या स्टिकला तर लागला, नाहीतर पाय तरी लागेल. यात वाईट काही नाही, तरबेज संघही हे करतात. पण पुढचा स्पर्श आपल्या माणसाचा झाला किंवा कॉर्नर मिळाला, तरच याला "आ" लिहा. नाहीतर प्रत्येक आंधळा फटका प्रवेश म्हणून मोजला जाईल आणि वहीतला सगळ्यात बेफिकीर मुलगा पहिला येईल.

बाजूही टिपा: डावी, मधली, उजवी. हॉकीत डावखुरी स्टिक नसते, सगळ्या उजव्या हाताच्याच. म्हणून प्रत्येक बचावपटूची डावी बाजू कच्ची असते, तिकडे त्याला स्टिक उलटी करावी लागते. फॉरवर्ड समोरून येतो, तेव्हा ती बाजू त्याच्या उजवीकडे पडते. उजवीकडून काढणारा फॉरवर्ड बचावपटूला अवघड जागी गाठतो. डावीकडून डीमध्ये शिरणाऱ्याला गोल उजव्या हाताला राहतो आणि सरळ स्टिकनं तिकडे जोर लावणं कठीण जातं, म्हणून तिथे रिव्हर्स हिट (स्टिक उलटी करून मारलेला फटका) लागते. तुमचा मुलगा दहापैकी नऊ वेळा डावीकडून शिरत असेल आणि त्याला रिव्हर्स मारताच येत नसेल, तर गोल का होत नाहीत याचं उत्तर वहीत आहे. त्याला "मन लावून खेळ" सांगून उपयोग नाही. रोज पन्नास रिव्हर्स मारायला लावा.

प्रत्येक "आ" पुढे निकाल लिहा: शॉट, कॉर्नर, लाँग कॉर्नर (बचावपटूला लागून चेंडू मागच्या रेषेबाहेर गेल्यावर मिळणारा), परत मागे पास, की गेला. महिनाभराच्या नोंदी जमल्या की भागाकार करा: शंभर प्रवेशांपैकी किती शॉटमध्ये किंवा कॉर्नरमध्ये संपले? मी सगळ्यात आधी हाच आकडा बघतो. खूप शिरणारा पण काहीच न काढणारा, आणि कमी शिरणारा पण दर दुसऱ्या वेळी काहीतरी मिळवणारा, यांतला फरक नुसत्या डोळ्याला महिनोन् महिने दिसत नाही. पहिला आवाज जास्त करतो.

शॉट: सगळे मोजा, मग वजन करा

इथे आपण बर्फावरच्या हॉकीकडून थोडं उसनं घेऊ. उत्तर अमेरिकेतल्या नॅशनल हॉकी लीगमध्ये "कॉर्सी" नावाचा आकडा चालतो. बफेलो संघाचे तेव्हाचे गोलकीपर प्रशिक्षक जिम कॉर्सी यांच्यावरून त्याचं नाव पडलं. गोलकीपरवर कामाचा बोजा किती पडतो ते बघायचं, तर फक्त त्यानं अडवलेले शॉट मोजून भागत नाही. बाहेर गेलेले आणि बचावपटूंनी मध्येच अडवलेलेही धरावे लागतात, असा त्यामागचा विचार. पुढे लोकांच्या लक्षात आलं की हाच आकडा संघाचा आणि खेळाडूचा दाब मोजायलाही कामाचा आहे. त्याचाच भाऊ "फेनविक", ज्यात बचावपटूंनी मध्येच अडवलेले शॉट वगळतात.

आपल्या कामाला एवढं पुरे: गोलवर गेलेला, बाहेर गेलेला, मध्येच अडवलेला, तिन्ही शॉट लिहा. गोल इतके थोडे होतात की त्यांवरून महिन्याभरात काही सिद्ध होत नाही. प्रयत्न मात्र पुष्कळ होतात, म्हणून त्यांचा आकडा लवकर स्थिरावतो.

पण सगळे शॉट सारखे नाहीत. गोलकीपर आडवा पडलाय आणि दोन पावलांवरून टॅप करायचंय, आणि डीच्या टोकावरून तिरक्या कोनातून मारायचंय, या दोन्हींना एकाच मापानं मोजणं म्हणजे जोंधळा आणि काजू एकाच भावानं विकणं. मोठे विश्लेषक यासाठी "अपेक्षित गोल" काढतात. आपण गरिबाचं माप बनवू. डीचे तीन भाग करा: जवळचा (गोलसमोर, सहा-सात पावलांच्या आत), मधला, आणि कोनातला किंवा लांबचा. प्रत्येक शॉटला १, २ किंवा ३ लिहा. वर्षभर, जमतील तेवढ्या खेळाडूंचे.

वर्षअखेरीस समजा असं निघालं: जवळून ४० शॉट, १२ गोल. मधून ६० शॉट, ६ गोल. कोनातून ५० शॉट, २ गोल. म्हणजे जवळच्या शॉटची किंमत ०.३०, मधल्याची ०.१०, कोनातल्याची ०.०४. आता एखाद्या मुलानं स्पर्धेत जवळून ६, मधून ५, कोनातून ५ शॉट घेतले, तर त्याच्याकडून अपेक्षा १.८ अधिक ०.५ अधिक ०.२, म्हणजे अडीच गोलांची. प्रत्यक्षात त्यानं ५ मारले असतील तर टाळ्या वाजवा, पण पुढच्या स्पर्धेतही पाच येतील असं धरून बसू नका. आणि दुसऱ्याची अपेक्षा अडीचची, गोल शून्य, असं असेल तर त्याला काढू नका. तो बरोबर जागी पोचतोय, आणि पुढच्या स्पर्धेत त्याचे गोल येण्याची शक्यता चांगली आहे.

हे आकडे मी समजावण्यासाठी घेतलेत. तुमचे तुम्हीच काढा, कारण मैदानावर फार अवलंबून असतं. मुरमाच्या मैदानावर चेंडू टप्पा बदलतो, ट्रॅप सुटतो, गोलकीपरही फसतो. टर्फवर (कृत्रिम गवतावर) चेंडू सरळ आणि वेगात येतो. आपल्या जिल्ह्यातली बरीच मुलं मुरमावर वाढतात आणि पहिल्यांदा टर्फवर जातात ती थेट मोठ्या स्पर्धेत. त्या पहिल्या सामन्याच्या नोंदीवरून मुलाला मोजणं हा अन्याय आहे. नोंद करा, पण वेगळ्या पानावर.

कॉर्नर कमावणं

पेनल्टी कॉर्नर मिळतो तो मुख्यतः डीमध्ये बचावपटूची चूक झाल्यावर: चेंडू पायाला लागला, स्टिकवर स्टिक मारली, अंगानं अडवलं. २३ मीटरच्या पट्ट्यात मुद्दाम केलेल्या फाउललाही मिळतो. या चुका आपोआप होत नाहीत, त्या करायला लावाव्या लागतात. चतुर फॉरवर्ड डीमध्ये शिरल्यावर गोल दिसत नसेल तर बचावपटूचे पाय शोधतो.

नोंदीत दोन नावं लिहा: चूक करायला लावणारा, आणि त्याच्याकडे चेंडू पोचवणारा. कॉर्नरवर गोल झाला की नाही, ते फॉरवर्डच्या खात्यात धरू नका. तो ड्रॅग फ्लिक मारणाऱ्याचा (कॉर्नरचा चेंडू स्टिकनं ओढत गोलकडे फेकणाऱ्याचा), चेंडू आत ढकलणाऱ्याचा आणि थांबवणाऱ्याचा हिशोब. गावाकडच्या संघात ड्रॅग फ्लिक येणारा एकही मुलगा नसेल, तर दहा कॉर्नर आणणाऱ्या फॉरवर्डचं कष्ट वाया जातं. आधी त्या संघाला फ्लिकर लागतो. फॉरवर्ड बदलून काही होणार नाही.

पेनल्टी स्ट्रोक मिळवून दिला असेल तर त्या नोंदीभोवती वर्तुळ काढा. फार दुर्मीळ, आणि ६.४० मीटरवरून समोर फक्त गोलकीपर. तो जवळजवळ गोलच.

चेंडू नसताना

हा भाग मोजायला सगळ्यात अवघड, म्हणून थोडक्यात. दोनच गोष्टी लिहा. एक, समोरच्याच्या अर्ध्या भागात हिसकावलेला किंवा चुकीचा पास करायला लावून मिळवलेला चेंडू ("हि"). दोन, चेंडू गमावल्यावर फॉरवर्ड लगेच मागे लागला की कमरेवर हात ठेवून उभा राहिला. दुसरीसाठी मी फक्त बरोबर किंवा चूक अशी खूण करतो.

"ग" लिहिताना जागा लिहायला विसरू नका. डीमध्ये दोघांना चकवताना गेलेला चेंडू हा धंद्यातला खर्च आहे. आपल्याच २३ मीटरजवळ आडवा पास देऊन गेलेला चेंडू म्हणजे दरोड्याला दार उघडं ठेवणं. दोन्ही एकाच बेरजेत टाकले तर धीट मुलगा कच्चा दिसतो आणि भित्रा भरवशाचा.

तो मैदानात असताना आणि नसताना

आता वहीतलं सगळ्यात गमतीचं पान. यासाठी सोबती हवाच. एकानं खेळाडू धरायचा, दुसऱ्यानं दोन्ही संघांचे डी-प्रवेश वेळेसह मोजायचे, बाकी काही नाही. सामना संपला की आपला फॉरवर्ड कधी आत होता, कधी बाहेर, त्याप्रमाणे ते वाटायचे.

समजा, तीन सामन्यांची मिळून १८० मिनिटं. फॉरवर्ड ११० मिनिटं आत, ७० मिनिटं बाहेर. तो आत असताना आपल्या संघाचे ६६ प्रवेश, समोरच्यांचे ४४. एकूण ११० पैकी आपले ६६, म्हणजे ६० टक्के. तो बाहेर असताना आपले ३०, त्यांचे ४०. ७० पैकी ३०, म्हणजे ४३ टक्के. सतरा टक्क्यांचा फरक. या मुलानं तीन सामन्यांत एकही गोल केला नसला, तरी तो गेल्यावर संघाचं काहीतरी बिघडतं, हे दिसलं. काय बिघडतं ते मग व्हिडिओत शोधा. बहुतेक वेळा उत्तर "हि" च्या रकान्यात किंवा दुसऱ्या फॉरवर्डला मोकळं करणाऱ्या धावेत सापडतं.

गोलांवरून हाच हिशोब करायचा मोह होतो: तो असताना संघानं किती केले, किती खाल्ले. बर्फावरच्या हॉकीत त्याला प्लस-मायनस म्हणतात, आणि त्याच्यावर फार विसंबू नका असं तिथलेच जाणकार सांगतात. आपल्या गोलकीपरनं दोन सोपे सोडले, त्यात फॉरवर्डचा काय दोष? नशिबाचा वाटा ओळखायला तिथे एक आकडा आहे, "पीडीओ". खेळाडू मैदानात असताना आपण गोलवर मारलेल्या शॉटपैकी किती टक्के आत गेले आणि समोरच्यांनी गोलवर मारलेल्यांपैकी किती टक्के अडवले गेले, यांची बेरीज. पूर्ण स्पर्धेची बेरीज १०० च येणार, कारण गोलवरचा शॉट एक तर आत जातो, नाहीतर अडवला जातो. एखाद्याची बेरीज ११५ दिसली तर वारं पाठीमागून आहे समजा. ८५ दिसली तर समोरून. चांगल्या संघाचा आकडा थोडा वर राहतोच, पण एवढा फार काळ टिकत नाही.

आकड्याच्या बाजूला परिस्थिती लिहा

समोर कोण होतं? हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत २०२३ मध्ये भारतानं उझबेकिस्तानला १६-० आणि सिंगापूरला १६-१ असं हरवलं. त्याच स्पर्धेत उपांत्य फेरीत कोरियाशी झालं ५-३. पहिल्या दोन सामन्यांतले गोल आणि कोरियासमोरचा गोल एकाच पोत्यात भरून सरासरी काढली, तर ती कशाचीच सरासरी नाही. शालेय स्पर्धेत तर पहिल्या फेरीत कालच स्टिक हातात घेतलेला संघही समोर येतो. मी दुबळ्या संघासमोरचे सामने वहीत कंसात टाकतो आणि बेरजेत धरत नाही. कठोर आहे, पण निवड करायची तर तेच बरं.

गुणफलक काय होता? दोन गोलांनी पुढे असलेला संघ मागे बसतो, त्याच्या फॉरवर्डचे प्रवेश कमी होतात. मागे असलेला संघ सगळे पुढे ढकलतो, त्याचे वाढतात. बरोबरीत असतानाची मिनिटं सगळ्यात खरी बोलतात.

कार्ड पडलं होतं का? पॅरिसमध्ये ग्रेट ब्रिटनविरुद्धच्या उपांत्यपूर्व सामन्यात अमित रोहिदासला दुसऱ्या क्वार्टरच्या सुरुवातीलाच लाल कार्ड मिळालं. उरलेला सामना भारत दहा जणांनिशी खेळला, १-१ असा टिकवला आणि शूटआउटमध्ये ४-२ नं जिंकला. त्या दिवशीच्या भारतीय फॉरवर्डांचे शॉट मोजून गुण देणाऱ्याला सामना कळलाच नाही. त्या दिवशी त्यांचं काम होतं मागे धावणं, चेंडू कोपऱ्यात नेऊन वेळ काढणं, बचावाला श्वास घेऊ देणं. अशा सामन्याला वेगळं पान, आणि त्यावर रकान्यांऐवजी चार ओळी गद्य.

किती सामने झाले की बोलायचं?

पाच सामन्यांआधी तोंड उघडू नका. पाचनंतर डी-प्रवेश आणि शॉटच्या प्रयत्नांबद्दल थोडं बोलता येतं. आत-बाहेरच्या टक्क्यांबद्दल दहा-बारा सामन्यांनंतर. गोलांच्या टक्केवारीबद्दल एका वर्षात बोलणं म्हणजे पहिल्या पावसावरून सुगीचा अंदाज सांगणं. मराठवाड्यातल्या माणसाला हे वेगळं समजवायची गरज नाही.

खेळाडूला वही दाखवायची असेल तर पूर्ण दाखवू नका. एकच आकडा सांगा, तोही त्याच्या हातात असलेला. "तू डीमध्ये शिरल्यावर दहातले सहा चेंडू घालवतोस, आणि त्यातले पाच डावीकडून" हे सोळा वर्षांच्या मुलाला समजतं आणि दुसऱ्या दिवशी तो सरावाला त्याच कोपऱ्यात जातो. "तुझा आत-बाहेरचा फरक उणे चार आहे" ऐकून तो फक्त घाबरतो.

आणि बेरजा त्याच रात्री करून टाका, घरी पोचल्यावर जेवणाआधी. माझ्या एका जुन्या वहीत, उपांत्य सामन्याच्या चौथ्या क्वार्टरच्या पानावर, "५३ मि. – आ डा हि??" असं लिहून खाली दोन रेघा ओढल्या आहेत. काहीतरी मोठं घडलं असणार. काय घडलं, ते मला आजतागायत आठवलेलं नाही.